गाणी वहीत आली, हात बाहेर राहिले

हस्ताचा पाऊस ओसरला की साताऱ्याच्या डोंगरउतारांवरचं गवत पिवळं पडायला लागतं, माण-खटावच्या बांधांवर कुरडू फुलते आणि सांगलीकडे कृष्णेचं पाणी पुन्हा पात्रात जाऊन बसतं. माती अजून ओली असते, पण पाय रुतत नाही. गोठ्यात हिरवा चारा असतो, परड्यात भोपळे-दोडके लोंबत असतात, दुपारचं ऊन वाळवणाला पुरेसं कडक असतं. हादग्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या या दीड महिन्यात दोन्ही जिल्ह्यांतल्या घरांना हातांनी काहीतरी करण्याचं वेड लागतं. मुली फळांच्या माळा ओवतात, पोरं चिखल तुडवून किल्ला करतात, बायका उंबऱ्यापुढे शेणाच्या गवळणी मांडतात, बेकरीच्या दारात नानकटाईचे डबे रांगेला लागतात. यातलं बहुतेक काहीच महिनाभराच्या पुढे टिकत नाही.

टिकत नाही, म्हणून त्याची नोंदही झाली नाही, अशी माझी तक्रार आहे. शब्दांच्या बाबतीत आपण भाग्यवान ठरलो. वाळवा तालुक्यातल्या बागणीत १९२० साली जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर गावोगावच्या बायकांच्या तोंडून ओव्या, फेराची गाणी, उखाणे, कहाण्या गोळा केल्या. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांतून त्या छापून आल्या, म्हणून आज शहरातल्या मुलीलाही त्या वाचता येतात. पण तीच गाणी म्हणणारी बाई त्याच वेळी हातांनी जे करत होती, त्याचं माप, त्याची युक्ती, त्यातली चूक दुरुस्त करायची रीत कुठल्या वहीत फारशी उतरली नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि मधला एक हात निसटला की संपली.

हादग्यापासूनच पाहू. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात तो आमच्याकडे हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास, तो बसतो आणि सोळा दिवस चालतो. भिंतीवर समोरासमोर उभ्या दोन हत्तींचं चित्र लावायचं, त्यांच्या सोंडेत माळा. आता ते चित्र छापील मिळतं, पूर्वी चुना आणि गेरूने भिंतीवरच काढत. चित्राला घालायच्या माळा हे मुलींचं खरं काम. भुईमुगाच्या ओल्या शेंगा, मक्याची कोवळी कणसं, पेरू, लिंबं, कारली, दोडके, आणि बांधावरून शोधून आणलेली कवंडळं. कवंडळ कडू, खाण्याच्या उपयोगाचं नाही. ते हादग्यासाठीच आठवणीने तोडून आणतात. जड फळ मध्यभागी आणि हलकी दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने आली नाहीत तर माळ एका अंगाला कलते. शेंग देठातून ओवली तर गळते, ती मधोमध टोचावी लागते. हे कोणी शिकवत नाही. मोठ्या मुलीच्या शेजारी बसून धाकटी ते बघते.

मग खिरापत. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. सगळी रीत पाळली तर सोळा दिवसांच्या मिळून एकशे छत्तीस खिरापती होतात. एवढे पदार्थ एका घराने करणं अवघड, म्हणून हादगा घरोघर फिरतो आणि आळीतल्या बायकांची अक्कल पणाला लागते. खिरापत झाकून आणायची आणि मुलींनी ती ओळखायची असते. डबा कानाशी धरून हलवतात. फुटाणे खडखडतात, शंकरपाळी ठोके दिल्यासारखी वाजते, वाटली डाळ गप्प बसते. म्हणून हुशार आई वाजणारा पदार्थ फडक्यात घट्ट गुंडाळून डब्यात ठेवते. हादग्याची गाणी कितीतरी संग्रहांत आहेत. फडक्याची युक्ती मात्र मला छापील कुठे भेटलेली नाही.

दसरा होतो, कोजागरी होते, शाळांना सुट्टी लागते आणि मुलं मातीकडे वळतात. साताऱ्याच्या पोराला किल्ल्याचा नमुना शोधावा लागत नाही. यादोगोपाळ पेठेतून, चिमणपुऱ्यातून, कुठूनही मान वर केली की अजिंक्यतारा डोक्यावर उभा असतो. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि प्रयागजी प्रभूंनी तो महिनोन् महिने लढवला, ही गोष्ट इथल्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकाआधी घरातून कळलेली असते. पलीकडे सज्जनगड, उत्तरेला चंदन-वंदन आणि कल्याणगड, कराडच्या अंगाला वसंतगड आणि सदाशिवगड, पाटणला दातेगड, जावळीत प्रतापगड. सांगलीचं तसं नाही. तिथला गणेशदुर्ग भुईकोट, मिरजेचाही भुईकोट. मच्छिंद्रगड, भूपाळगड हे डोंगरी किल्ले शहरापासून लांब. तरी सांगलीच्या गावभागातलं पोरसुद्धा दिवाळीत भुईकोट कधी करत नाही. त्याला उंच डोंगर आणि वळणावळणाची वाट असलेलाच किल्ला हवा असतो. शिवाजी महाराज वर बसलेले दिसले पाहिजेत, एवढं त्याचं साधं म्हणणं असतं आणि ते मला पटतं.

किल्ल्याचं बांधकाम हे खरं बांधकाम आहे. तळाशी दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौलं. भुयार हवं असेल तर तिथे आधीच डबा किंवा पाइपाचा तुकडा आडवा घालायचा. नंतर उकरायला गेलं की वरचा बुरूज खाली येतो. या ढिगाऱ्यावर गोणपाट चिखलाच्या पातळ काल्यात बुडवून अंथरायचं. ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. गोणपाट मातीला धरून ठेवतं आणि त्याच्या चुण्यांतून कडे आणि घळी आपोआप तयार होतात. मग हाताने जाड चिखल लिंपायचा, पट्टीने पायऱ्या कोरायच्या, वाटीवर माती दाबून बुरूज उलटा काढायचा, करवंटी पुरून पाण्याचं टाकं करायचं.

माती कुठली, यावर किल्ल्याचं आयुष्य ठरतं. महाबळेश्वर, कास, पाटणच्या बाजूची जांभ्याची तांबडी माती वाळली तरी फारशी फुटत नाही, रंगही डोंगराचा येतो. सांगलीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. शेतात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्याच किल्ल्याला दोन दिवसांत पडतात. सांगली-मिरजेच्या मुलांनी यावर आपला इलाज काढलेला आहे. चिखलात भुसा, गवताचा बारीक चुरा आणि थोडं शेण मळायचं, म्हणजे धागे मातीला बांधून ठेवतात. वरून ओलं फडकं टाकून किल्ला सावकाश वाळू द्यायचा. धाब्याच्या घराच्या भिंतीला बापजाद्यांनी जी माती मळली, तिचाच हा पाठ, आणि पोरं तो दहाव्या वर्षी स्वतःच्या हातांनी शिकतात.

हिरवळीचंही तसंच. मोहरी उतारावरून घरंगळते, गहू उंच वाढून तटाच्या डोक्यावर जातो. हळीव बरोबर बसतं. हळिवाच्या दाण्याला पाणी लागलं की काही मिनिटांत त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि तो दाणा उभ्या कड्यालासुद्धा चिकटून राहतो. वसुबारसेच्या आधी टाकलं तर लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ला हिरवा होतो. पाणी मात्र शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की तटबंदी वाहून जाते, आणि मग रडारड.

किल्ल्यावर ठेवायची चित्रं कुंभाराकडची. सिंहासनावरचे महाराज, भालेवाले मावळे, तोफ, वासुदेव, भाजीवाली, पाणी आणणारी बाई, ताक घुसळणारी गवळण. दोन भागांचा साचा असतो. दोन्ही अर्ध्यांत माती दाबून बसवायची, कडा ओल्या करून जोडायच्या, आत पोकळी ठेवायची. भरीव चित्र भाजताना तडकतं. सावलीत वाळवून भट्टीत भाजायचं, पांढरा हात द्यायचा, मग रंग. जुन्या मातीच्या मावळ्याचं नाक थोडं बोथट असतं, कारण वर्षानुवर्षं वापरून साचा झिजलेला असतो. आता बाजारात प्लॅस्टरची चित्रं आली आहेत. ती गुळगुळीत आहेत, चेहरे रेखीव आहेत, आणि सगळ्यांचे सारखे आहेत. पूर्वी चित्र पाहून ते कुठल्या कुंभारवाड्यातलं ते जाणकाराला सांगता येई.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आहे. १६५६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला, खालचा आणि वरचा असा दोन टप्प्यांचा हा किल्ला मुलांना करायला अवघड, कारण दोन टप्प्यांमधला चढ नीट दाखवला नाही तर तो केकसारखा दिसतो. ज्या पोराला तो चढ जमला त्याने प्रतापगड समजून घेतला असं मी मानतो. दगडी किल्ल्यांच्या नोंदी, नकाशे, मोजमापं आता जगाच्या दप्तरात गेली. मातीच्या किल्ल्यांची परंपराही त्या नोंदीच्या शेजारी बसावी अशा योग्यतेची आहे.

आता गवळणी. या विषयावर मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण शहरात वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट ठाऊकच नसते. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत दिवाळीच्या दिवसांत पहाटे सडा-सारवण झाल्यावर दारापुढे शेणाच्या गवळणी मांडतात. गाईचं ताजं शेण घ्यायचं. म्हशीचं शेण पातळ, ते उभं राहत नाही. हाताला पाणी लावून आधी शंकूसारखं अंग करायचं, बूड रुंद ठेवायचं. त्यावर डोक्याची गोळी, डोक्यावर घागर, घागरीवर दुसरी घागर. एक गवळण जात्यावर बसलेली, एक ताक घुसळणारी, एक पाण्याला निघालेली, एक लेकरू कडेवर घेतलेली. मधे कृष्ण, बाजूला गाई-वासरं, राखण करणारा पेंद्या. कुठे डोळ्यांच्या जागी जोंधळ्याचे दाणे टोचतात. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि झेंडूची फुलं हा त्यांचा साज. हळद-कुंकू वाहतात, दिवा लावतात. सगळं काम अर्ध्या-पाऊण तासाचं, तेही कामाच्या घाईच्या वेळी, धार काढायच्या आणि अंघोळीचं पाणी तापायच्या मधे.

पाडव्याला, म्हणजे बलिप्रतिपदेला, पांडव मांडतात. पाच भाऊ आणि त्यांचा गोतावळा. विजापूर-बेळगावकडच्या कानडी घरांतही त्या दिवशी शेणाचे पांडव असतात. जत तालुक्यात मराठी आणि कानडी दारांपुढे हे एकच दृश्य दिसतं. आणि लांब तिकडे मथुरेच्या व्रजभूमीत याच तिथीला शेणाचा गोवर्धन पर्वत मांडून पूजा करतात. एका तिथीला, एकाच वस्तूतून, इतक्या लांबच्या गावांतल्या बायका मूर्ती घडवतात. नंतर ते शेण फेकत नाहीत, त्याच्या शेणी लावतात आणि त्या चुलीत जातात.

गवळणींच्या या मांडणीत घरातल्या बाईचं रोजचं काम उभं केलेलं आहे. दळण, कांडण, पाणी, ताक, लेकरू. मंदिरावरच्या शिल्पांत ते क्वचित सापडेल. इथे ते दरवर्षी, दारापुढे, बाईच बाईचं करते. एकाच गल्लीत दहा दारांपुढे दहा हातांच्या गवळणी असतात आणि एकीची घागर दुसरीसारखी नसते. याला मी शिल्पकला म्हणतो, आणि ते पूर्ण जबाबदारीने म्हणतो. ही कला आटण्याचं कारण साधं आहे. गोठा गेला की शेण जातं. दारापुढे फरशी किंवा पेव्हर ब्लॉक आले की सारवण जातं. अंगण उरलेलं नाही अशा घरात कुणी गवळणी कुठे मांडायच्या?

आकाशकंदिलाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. बांबूच्या कामट्या एकाच मापाच्या तासणं ही त्यातली खरी मेहनत. एक कामटी करंगळीच्या नखाएवढी जास्त झाली तरी सगळा सांगाडा तिरका होतो. गव्हाच्या पिठाची खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कागदाला कीड लागत नसे. कंदिलाचा विषय निघाला की कराडजवळच्या ओगलेवाडीची आठवण येतेच. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होते.

दिवाळीचा फराळ बहुतेक तळणीचा. भाजलेला पदार्थ म्हणजे नानकटाई, आणि ती घरची असूनही भाजायला घराबाहेर जाते. सुरतेच्या डच वखारीतल्या भट्टीशी तिचा जन्म जोडतात. आपल्याकडे ती रुळली ती गल्लीतल्या बेकरीच्या आधाराने. साधारण एक किलो मैद्याला पाऊण किलो तूप आणि तेवढीच पिठीसाखर, चिमूटभर सोडा, वेलदोडा. १९३७ साली डालडा बाजारात आला तेव्हापासून वनस्पती तुपाने यात जम बसवला. ते थंडीत घट्ट राहतं, फेसायला सोपं पडतं आणि लोण्याच्या तुपापेक्षा स्वस्त. परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसायची. पिवळसर तूप पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत थांबायचं नाही. त्या फेसात जी हवा अडकते तीच पुढे भट्टीत फुगते आणि नानकटाईच्या डोक्यावर त्या ओळखीच्या भेगा पडतात. भेग पडली नाही तर फेसणाऱ्याचा हात कमी पडला, असं घरात सरळ तोंडावर सांगतात.

मग डबा घेऊन बेकरीत. लाकडाच्या भट्टीचं गणित असं की आधी जाळ करून आतली फरशी आणि घुमट तापवायचा, निखारे बाजूला ओढायचे आणि उतरत्या उष्णतेवर एकामागून एक माल लावायचा. कडक आचेला पाव, ती उतरली की खारी, आणि मंद झाली की नानकटाई. म्हणून घरगुती डबे बेकरीवाला दुपारनंतर घेतो. डब्यावर नाव किंवा नंबराची चिठ्ठी, भाजणावळ किलोवर. काही ठिकाणी गोळे घरून करून आणतात, काही ठिकाणी बायका तिथेच पत्र्यावर लावतात, मधे अंतर सोडून, कारण ती पसरते. लांब लाकडी फावड्यावरून पत्रा आत जातो. घड्याळ कोणी पाहत नाही. वासावर आणि कडेच्या रंगावर काम चालतं. कोणाची नानकटाई किती पसरली, कोणाची फुटली, कोणी तुपात हात आखडला, हे त्या रांगेत सगळ्यांना दिसतं. तिथल्या चौकशा आणि सल्ले ऐकत एक आख्खी पाककृती-शाळा भरते. विजेच्या फिरत्या भट्ट्या आल्यावर काही बेकऱ्यांनी घरगुती डबे घेणं बंद केलं. त्यांचाही नाइलाज आहे, पण त्या रांगेबरोबर ती शाळाही उठली.

वेष हा या हंगामाचा आणखी एक भाग. किल्ला झाला की कोणातरी पोराला स्वतः मावळा व्हायचं असतं. आजोबांचं धोतर गुडघ्यापर्यंत कसून, जुन्या लुगड्याच्या पट्टीचं मुंडासं, पुठ्ठ्याची ढाल, लाकडी पट्टीला चंदेरी कागद लावून तलवार. आणि खांद्यावर घोंगडी. ही घोंगडी नकली नसते. माण, आटपाडी, जतच्या दुष्काळी माळावर मेंढ्या राखणाऱ्या धनगरांची लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊस निथळून जातो. मावळ्यांच्या अंगावर जे होतं त्यातलं एवढंच आज घराघरांत जसंच्या तसं सापडतं, आणि पोरगं ते नकळत पांघरतं.

घरच्या सामानातून वेष उभा करण्याचा सांगलीचा वारसा तर फार मोठा आहे. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून सांगलीचे संस्थानिक श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तशा प्रकारचं नाटक मराठीत करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ झालं. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो, आणि सांगलीत त्या दिवशी रंगकर्मीला भाव्यांच्या नावाचं पदक दिलं जातं. त्या खेळांत गणपती मुखवटा घालून येई, सरस्वती मोरावर बसून येई, विदूषक झाडपाला अंगाला लावून वनचर होऊन नाचे, राक्षस आरडाओरडा करत रंगभूमी दणाणून सोडत. भाव्यांचा हात मुळातच कारागिराचा. त्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्या घडवल्या होत्या. भाव्यांची पदं पुस्तकरूपाने छापली गेली. मुखवटा कशाचा केला, मोर कमरेला कसा बांधला, राक्षसाचं तोंड कशाने रंगवलं, हे पदांइतक्या बारकाईने कोणी लिहून ठेवलं नाही. बाहुल्या मात्र वाचल्या, कारण पुढे बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांपुढे आणल्या. लाकूड हातात घेऊन दोरा कुठून कुठे जातो ते त्यांनी शोधलं, म्हणून भाव्यांचा हात आज आपल्याला दिसू शकतो.

हेच काम आपल्या घरांतल्या गोष्टींसाठी करायला हवं आणि ते अवघड नाही. आईच्या पाककृतीच्या वहीत ‘मैदा मावेल तेवढा’ असं लिहिलेलं असतं. यंदा ती नानकटाई मळत असताना वजनकाटा शेजारी ठेवून त्या ‘मावेल तेवढ्या’चा आकडा समासात लिहून ठेवावा. गवळणी मांडणाऱ्या बाईच्या हातांचं मोबाइलवर चित्रण करावं, चेहऱ्याचं नंतर. तिला विचारावं की अंग आधी का, घागर शेवटी का, आणि मोडली तर ती काय करते. शाळांनी दिवाळीनंतर मुलांकडून किल्ल्याचा निबंध घेण्याऐवजी माती कुठून आणली, तिच्यात काय मिसळलं आणि भेगा कितव्या दिवशी पडल्या याची नोंद मागावी. त्यातून दोन जिल्ह्यांच्या मातीचा नकाशा तयार होईल.

आणि कुंभारांच्या साच्यांची सगळ्यांत जास्त घाई आहे. प्लॅस्टरच्या चित्रांमुळे ते साचे माळ्यावर गेले आहेत, काही फुटून उकिरड्यावर गेले. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. लंडनहून आलेली वाघनखं जुलै २०२४ पासून काही महिने तिथे मांडली होती, तेव्हा ती पाहायला माणसांची रीघ लागली होती. त्याच इमारतीत एक कपाट कुंभारवाड्यातल्या साच्यांसाठी मिळावं, प्रत्येक साच्यातून एकेक मावळा नव्याने काढून भाजून त्याच्या शेजारी ठेवावा, आणि खाली पाटीवर साच्याबरोबर तो वापरणाऱ्या कुंभाराचं आणि त्याच्या गावाचं नाव लिहावं.